सह्या थांबवा, आधी काकूंशी बोला

पत्र

ताई, नमस्कार.

आमच्या कोपऱ्यावरची बेकरी या महिनाअखेर बंद होतेय. शटरवर हाताने लिहिलेला कागद लागलाय. त्यावर तारीख आणि ‘इतकी वर्षं साथ दिलीत, आभारी आहोत’ एवढंच. लग्न होऊन या भागात आले तेव्हापासून मी तिथली गिऱ्हाईक. काका-काकू दोघं मिळून चालवतात, हाताखाली तीन कारागीर. माझ्या दोन्ही मुलांचे वाढदिवसाचे सगळे केक तिथलेच.

कागद लागला त्याच दिवशी आम्ही शेजाऱ्यांनी ‘बेकरी वाचवा’ म्हणून फोनवर ग्रुप काढला. सह्या गोळा होताहेत, वर्गणीचंही बोलणं चाललंय आणि पुढाकार माझ्याकडे आलाय. मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगायला गेले, तर ते नुसते हसले आणि सुटे पैसे हातावर ठेवले. काकू काही न बोलता आत निघून गेल्या. तेव्हापासून मला काही सुचत नाही.

घरात सांगावं तर ‘पावाच्या दुकानासाठी कुणी रडतं का?’ असं म्हणतात. रडू येतं हे मात्र खरं. त्यात एक टोचणी आहे. गेली दोन वर्षं रोजचा ब्रेड मी बाकीच्या सामानाबरोबर सुपरमार्केटमधूनच मागवते. काकांकडे जायचं ते केकसाठी, नाहीतर पाहुणे आले तर. शेजारचे आजोबा एकटे राहतात, रोज सकाळी पाव आणायला म्हणून तेवढे बाहेर पडतात. त्यांचं काय होणार, हेही मनातून जात नाही.

मोहीम चालू ठेवू का? काकांना काय म्हणू? आणि मी उगाच मनाला लावून घेतेय का?

– एक जुनी गिऱ्हाईक

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा थांबले ती एकाच ठिकाणी: काकू काही न बोलता आत निघून गेल्या. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. बेकरी वाचवायला सगळी गल्ली उभी राहिली, आणि ज्यांची बेकरी आहे त्यांना ती वाचवून हवी आहे का, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून सह्यांचा कागद चार दिवस बाजूला ठेवा. ग्रुपवर तसं स्पष्ट लिहा: ‘काका-काकूंशी बोलणं झाल्याशिवाय पुढचं काही नको, वर्गणी तर अजिबात नको.’ काही जण नाराज होतील, होऊ देत. एकदा पैसे जमले की ते घेणाऱ्याला नाही म्हणणं अवघड होऊन बसतं. महिनाअखेरीला शटर ओढायचं ठरवलेल्या माणसावर लोकांच्या प्रेमाचं असं ओझं टाकू नये.

मग त्यांना भेटायला जा, पण एकट्या जा. वेळ नीट निवडा. बेकरीत पीठ रात्री मळलं जातं, पहाटे भट्टीत जातं आणि आपण चहा ठेवतो तेव्हा त्या माणसांचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो. संध्याकाळी गल्ल्यावर गर्दी असते आणि त्यानंतर त्यांना झोपायचं असतं. दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं, रिकामे ट्रे पुसून ठेवायचं काम चाललेलं असलं, की जा. काका आणि काकू दोघंही असतील असं बघा, कारण गल्ल्यावरचा माणूस जे बोलतो तेच आतल्या माणसाच्या मनात असतं असं नाही. सगळ्या गिऱ्हाइकांचा प्रेमळपणा काकांच्या वाट्याला येतो. काकूंच्या वाट्याला काय येत आलं, ते बहुतेक कुणी पाहिलेलं नाही.

विचारायचं एवढंच: ‘बंद करावं लागतंय, की बंद करायचं ठरवलंय?’

आणि मग गप्प बसायचं. मध्येच ‘आम्ही आहोत ना’ म्हणायचं नाही. या दोन उत्तरांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. तुमची मोहीम आत्ता दोन्हींना एकच समजून चालली आहे.

समजा, उत्तर आलं की ठरवलंय. मग ते मान्य करा, त्याच क्षणी आणि मनापासून. हे काम शरीर किती खातं याची बाहेरून कल्पना येत नाही. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांना होणाऱ्या आजारांविषयी लिहिलं, त्यात पाव भाजणारेही आहेत: रात्री जागणारे, पिठाची धूळ घशात जाऊन खोकणारे, आवाज बसलेले. यंत्रं आली तरी ही तक्रार संपलेली नाही. पिठाच्या धुळीने होणारा दमा आजही कामातून जडणाऱ्या दम्याच्या नेहमीच्या प्रकारांत मोडतो आणि इंग्रजीत तो बेकरच्याच नावाने ओळखला जातो. शिवाय पोती उचलून गेलेली कंबर, भट्टीसमोर उभं राहून सुजलेले पाय आणि वर्षानुवर्षं रात्री न मिळालेली झोप. घरच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून परत भट्टीवर येणारी माणसं असतात ही. अशा जोडप्याने ‘आता पुरे’ म्हटलं, तर तो त्यांचा पराभव नाही. ‘अहो, असं कसं सोडून जाता?’ हे कौतुकाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ते दोष दिल्यासारखंच लागतं. आणि मुलं का नाही चालवत, हे तर विचारूच नका. तो प्रश्न त्यांच्या घरात आपल्या आधी कितीतरी वेळा होऊन गेलेला असेल.

काका हसले आणि सुटे पैसे दिले, त्यावरून माझा अंदाज याच बाजूला झुकतो. पण अंदाजच तो. खरं त्यांच्या तोंडूनच येऊ द्या.

आता दुसरं उत्तर: इच्छा आहे, पण चालवणं परवडत नाही. इथे तुम्हाला करण्यासारखं पुष्कळ आहे, मात्र आधी कारण नेमकं कळायला हवं. जागेचा भाडेकरार संपला असेल. पीठ आणि इंधन महागलं असेल. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा गहू आणि गॅस दोन्ही एकदम भडकले आणि युरोपातल्या कितीतरी लहान बेकऱ्यांचं कंबरडं मोडलं. रात्रीच्या कामाला नवी माणसं मिळत नसतील. किंवा सगळ्यात जुनं कारण, कारखान्यातला पाव. १९६१ साली ब्रिटनमध्ये चोर्लीवूडच्या संशोधन केंद्रात एक पद्धत निघाली. ज्या पिठाला फुगायला काही तास द्यावे लागत, ते अतिवेगाने काही मिनिटं घुसळून साधारण तासाभरात भट्टीत घालता येऊ लागलं. पाव मऊ, स्वस्त आणि टिकाऊ झाला, आणि वेळ देऊन पाव करणाऱ्याला त्या भावात उतरणं जमेना. काकांनी काही चुकीचं केलं म्हणून असं होत नाही.

कारण भाड्याचं असेल, तर सह्यांना अर्थ आहे, कारण मग त्या वाचणारा कुणीतरी तिसरा असतो: जागामालक किंवा स्थानिक प्रशासन. गल्लीतल्या दोनशे घरांना हे दुकान इथे हवं आहे हे त्याला कळलं, तर मुदत वाढू शकते, भाड्यावर बोलणं होऊ शकतं. कारण खपाचं असेल, तर सह्यांचा काडीचा उपयोग नाही. सही म्हणजे ‘मला हे आवडतं’ आणि आवडण्यावर भट्टी पेटत नाही.

वर्गणीचंही तसंच. दर महिन्याला खड्डा पडत असेल, तर एकदा टाकलेली रक्कम दोन-तीन महिन्यांत त्यातच जिरते आणि मग बंद करताना काकांना लोकांच्या पैशांचाही संकोच वाटतो. लहान बेकरीला खरं हवं असतं ते ठरलेलं गिऱ्हाईक. विचार करा, रात्री पीठ मळायला घेताना काकांना उद्या किती पाव जाईल हे ठाऊक नसतं. अंदाजाने मळायचं. कमी पडला तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं, जास्त झाला तर संध्याकाळी उरलेला पाव म्हणजे उघड नुकसान. भट्टी तापवायला लागणारं इंधन मात्र पन्नास पावांना आणि दोनशे पावांना जवळपास तेवढंच. म्हणून ग्रुपवर सह्यांऐवजी मागणी लिहून घ्या: कोणत्या घरात, कोणत्या वारी, किती, आणि महिन्याचे पैसे आगाऊ द्यायची तयारी आहे का. सही केलेल्यांपैकी किती जण हे लिहून देतात ते बघा. आकडा छोटा निघाला तर वाईट वाटेल, पण तोच खरा आकडा. तो घेऊन काकांकडे गेलात तर त्यांना हिशेब मांडता येईल. हिशेबाच्या वह्या मात्र तुम्ही मागू नका. त्यांनी आपणहून दाखवल्या तर बघा.

तिसरीही एक शक्यता आहे: काका-काकूंना थांबायचंय, पण भट्टी चालू राहिली तर त्यांना बरंच वाटेल. तुमच्या पत्रात तीन कारागिरांचा उल्लेख एकदाच आला आणि पुन्हा नाही. सगळा जीव बेकरीवर, आणि महिनाअखेरीला ज्यांचा पगार थांबणार आहे त्यांची नावंही ग्रुपवर कुणी घेतली नसतील. त्यांना पुढे काय करायचंय? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी १९६७ साली एका जोडप्याने चीझचं दुकान काढलं होतं. १९७१ मध्ये त्यांनी ते आपल्याच कामगारांना विकलं. मालक आणि नोकर हा भेद गेला, पुढे तिथे पाव भाजायला लागले आणि ‘चीझ बोर्ड कलेक्टिव्ह’ आजही चालू आहे. त्याच धर्तीवर १९९७ साली शेजारच्या ओकलंडमध्ये ‘अॅरिझमेंडी’ ही कामगारांच्या मालकीची बेकरी निघाली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड भागात तर जुनी बेकरी बंद पडल्यावर वस्तीतल्या लोकांनी सहकारी संस्था काढली आणि २०१३ मध्ये ‘होमबेक्ड’ नावाने त्याच जागी पुन्हा भट्टी पेटवली.

हे वाचून लगेच सहकारी संस्थेचा अर्ज आणायला धावू नका. यातलं कुठलंही काम महिनाभरात झालेलं नाही. आणि अशा कामाला आधी रात्री उठून पिठात हात घालणारी माणसं लागतात, नुसती वर्गणी देणारी पुरत नाहीत. तुमच्या गल्लीत तशी माणसं कोण असतील तर ते तिघेच. त्यांच्यापैकी कुणाची तयारी असेल, तर यंत्रं, भट्टी आणि जागा हप्त्याने त्यांच्या हाती देता येईल का, हे काकांशी तेच बोलतील. तुम्ही पाठीशी उभ्या राहा, परवान्याची कागदपत्रं लिहायला मदत करा, तुमची आगाऊ मागणीची यादी त्यांना द्या. आणि त्यांची तयारी नसेल, तर ग्रुपची ताकद त्यांना दुसरीकडे काम मिळवून द्यायला लावा. चांगल्या हातांना काम मिळतं, पण त्यासाठी कुणीतरी चार ठिकाणी शब्द टाकावा लागतो.

तुमच्या टोचणीबद्दल. गेली दोन वर्षं तुम्ही ब्रेड दुसरीकडून आणलात, याचा बेकरी बंद होण्याशी काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारखी बरीच घरं हळूहळू तशीच वळली असणार. पण तुम्ही आळशीपणाने नाही, वेळ पुरेना म्हणून वळलात आणि तुमच्या एका घराने हा धंदा बुडालेला नाही. माझं सांगणं एकच: ही कबुली काकांसमोर द्यायला जाऊ नका. ती दिलीत की ते बिचारे ‘अहो, असं काही नाही’ म्हणत तुमचीच समजूत काढत बसतील. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात ते काम त्यांच्याकडे नको. त्यापेक्षा उद्यापासून महिनाअखेरपर्यंत रोजचा पाव तिथून आणा.

आणि रडू येतं त्याबद्दल घरच्यांचं ऐकू नका. माणूस गेला तर लोक भेटायला येतात, डबा आणतात. दुकान गेलं तर कुणी येत नाही, म्हणून त्याचं दुःख नसतं असं थोडंच आहे? अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाविषयी लिहिलं. आजूबाजूचे लोक ज्याला दुःख मानतच नाहीत ते जास्त आत कुढत राहतं, कारण ते बोलून दाखवायची सोय नसते. तुमच्या मुलांचे सगळे वाढदिवस त्या काचेच्या कपाटासमोर ठरले. यंदा केकवर काय लिहायचं, हे बोटाने काचेवर दाखवत मुलं मोठी झाली. आता मुलंही मोठी झाली आणि ते कपाटही चाललं. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्याला ते कपाट माहीत नाही. घरात ‘मी दुकानासाठी रडत नाहीये’ एवढं सांगून बघा आणि मुलांना कोणता केक आठवतो ते विचारा. त्यांनाही बोलायचं असेल कदाचित.

आता आजोबा. तुमची ही काळजी मला सगळ्यात खरी वाटली आणि तिच्यासाठी बेकरी वाचायची वाट बघायचं कारण नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत शिकागो शहरात उष्णतेची भयंकर लाट आली, सातशेहून जास्त माणसं दगावली. एकटी राहणारी म्हातारी माणसं त्यात फार होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांनी पुढे एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे वृद्ध भरपूर. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये कितीतरी माणसं गेली आणि साउथ लॉनडेलमध्ये त्या मानाने फारच थोडी. साउथ लॉनडेलच्या रस्त्यांवर दुकानं उघडी होती, वर्दळ होती. म्हातारी माणसं बारीकसारीक आणायला घराबाहेर पडत आणि ओळखीच्या माणसांच्या नजरेला पडत. नॉर्थ लॉनडेलमधली दुकानं आधीच उठून गेली होती, रस्ते ओस पडले होते, तिथली माणसं दारं लावून घरात राहिली.

आजोबा चार पावांसाठी बाहेर पडतात असं आपल्याला दिसतं. खरं तर रोज सकाळी त्यांना कुणीतरी बघतं. एखाद्या दिवशी आले नाहीत तर काकांच्या ते लक्षात येतं. बेकरीबरोबर हे बघणं जाणार आहे, म्हणून ते कुणीतरी उचलायला हवं. त्यांना पाव घरपोच आणून देऊ नका, तेवढी चूक टाळा. त्याने त्यांचं बाहेर पडणंच थांबेल. दुसरं जे दुकान चालत जाण्याजोगं असेल, तिथे पहिले काही दिवस कुणीतरी त्यांच्याबरोबर जा, दुकानदाराशी ओळख करून द्या. ग्रुपमधल्या तीन-चार घरांनी वार वाटून घ्या आणि सकाळी त्यांना हाक मारून जा. ग्रुपचं नाव बदलावं लागलं तरी ग्रुप मोडू नका, तो याच कामाचा आहे.

शेवटच्या दिवसांत काय करायचं, याची दोन-तीन साधी कामं. कुणाची उधारी राहिली असेल तर ती आधी चुकती करा, गल्लीत सगळ्यांना आठवण द्या. दुकान बंद झाल्यावर पैसे मागत फिरणं काकांना जमणार नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम झुंबड करू नका. आधी नोंदवून ठेवा, म्हणजे त्यांना मळायचा अंदाज येईल. जास्तीचा पाव साठवणार असाल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. त्या थंडीत पिठातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. काप करून हवाबंद पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे काढून गरम करा.

कृती मागायचा मोह तुम्हाला होईलच. मागा, पण शेवटच्या दिवशी गल्ल्यासमोर नको, आणि ‘नाही’ म्हणायला जागा ठेवून मागा. काही घरांत ती कृती म्हणजे पुढे विकता येईल अशी एकुलती एक गोष्ट असते. दिलीच, तर ती वाटी-चमच्यात नसेल याची तयारी ठेवा. बेकरीत पीठ शंभर धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत सांगतात: पाणी साठ-पासष्ट, मीठ दोन, असं. ते प्रमाण अर्ध्या किलोलाही तसंच लागू पडतं. तरी घरच्या ओव्हनमध्ये पाव तसाच होणार नाही. जाड भिंतींच्या भट्टीत साठलेली उष्णता आणि आतली वाफ घरी येत नाही. त्यांच्याकडे पाव फुगवायचं जुनं आंबवण, म्हणजे आंबवून राखलेलं पीठ, जपलेलं असेल, तर त्यातलं चमचाभर मिळतं का ते नक्की विचारा. थोडं पीठ आणि पाणी घालत राहिलं की ते जिवंत राहतं, आणि पातळ पसरून वाळवलं तर डब्यात कित्येक महिने टिकतं.

बोलणं झालं की मला कळवा, विशेषतः काकू काय म्हणाल्या ते. कारागिरांपैकी कुणी पुढे यायला तयार असेल, तर भट्टी हस्तांतरित करताना करारात काय काय लिहून घ्यावं, हे पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.